आधी वाफ, मग पेरॉक्साइड: मे महिन्यात पिवळ्या पडलेल्या कागदाचं प्रकरण

कागद गिरणीच्या मालकांचा फोन आला तेव्हा मी घरच्या कूलरची टाकी घासत होतो. मे महिन्याचा दुसरा आठवडा. टाकीच्या तळाला शेवाळी चिकटा बसला होता. हात फिरवला की सुटायचा आणि पुन्हा बोटांनाच चिकटायचा. नागपुरात उन्हाळा काढलेल्या कोणालाही तो वेगळा सांगायला नको. या प्रकरणाचं उत्तर त्या क्षणी माझ्या बोटांवर होतं, फक्त मला ते कळलं नव्हतं.

"सर, वहीचा कागद परत आला. दोन गाड्या."

पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. वह्या बनवणाऱ्यानं फेब्रुवारीतला ताव आणि मेमधला ताव शेजारी शेजारी ठेवले होते. एक ताज्या ताकासारखा, दुसरा तुपाच्या अंगावर गेलेला. विदर्भात शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या शेवटाकडे उघडतात. म्हणून वह्यांच्या कागदाची खरी मागणी एप्रिल ते जून. नेमक्या त्याच तीन महिन्यांत या गिरणीचा कागद पिवळा पडत होता, आणि आदल्या उन्हाळ्यातही असंच झालं होतं हे मला तिथे पोचल्यावर कळलं. तेव्हा दोष रद्दीवर ढकलून विषय मिटवला होता.

गिरणी नागपूरपासून तासाभरावर आहे. नाव लिहीत नाही. लहान आहे, सगळा माल रद्दीपासून: जुन्या वह्या, ऑफिसांचे कागद, छापखान्यातली कात्रणं आणि थोडं वर्तमानपत्र. बल्लारपूरला बांबूवर चालणारी मोठी गिरणी आणि ही, यांची ब्लीचिंगची गोष्ट एक नाही. तिथे लाकडाला-बांबूला धरून ठेवणारं लिग्निन काढून टाकायचं असतं. इथे धागा आधीच कधीतरी शिजून, धुऊन, छापून झालेला. शाई उतरवायची आणि जो पिवळेपणा राहतो तो उजळवायचा, एवढंच काम. त्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड.

ही गिरणी पूर्वी हायपोवर चालायची. हायपो म्हणजे हायपोक्लोराइट, ब्लीचिंग पावडरच्या घरातलंच. स्वस्त आणि रांगडं. पण क्लोरीन सेंद्रिय पदार्थाला चिकटलं की जी संयुगं होतात, ज्यांची बेरीज एओएक्स म्हणून मोजतात, ती सांडपाण्यात जातात आणि सहजी मोडत नाहीत. शिवाय हायपोतून क्लोरोफॉर्म तयार होतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००३ च्या सनदेत मोठ्या गिरण्यांना एओएक्स टनामागे आधी दीड किलोवर आणि पुढे एक किलोवर आणायला सांगितलं होतं. ही गिरणी त्या मापात बसणारी नव्हती, तरी मालकांनी पेरॉक्साइड घेतलं, कारण वर्तमानपत्राच्या धाग्याला हायपो मानवत नाही. त्यात लिग्निन भरपूर असतं, आणि हायपोनं ते उजळण्याऐवजी रंग धरतं. पेरॉक्साइड काम झाल्यावर पाणी आणि ऑक्सिजन होऊन जातं. कागदावर सगळं छान होतं.

मी गेलो तोपर्यंत घरच्या वैद्यांनी तीन औषधं देऊन झाली होती. ती क्रमानं सांगतो, कारण प्रत्येक औषधानं दुखणं वाढवलं होतं.

पहिलं म्हणजे पेरॉक्साइड वाढवलं. सुक्या धाग्याच्या टनामागे १० किलो जात होतं ते २० किलोवर नेलं (हा हिशेब शुद्ध पेरॉक्साइडचा, कारखान्यात येतं ते ५० टक्क्यांचं, म्हणजे कॅनमधलं दुप्पट). त्याच्या जोडीनं कॉस्टिक सोडाही वाढवला, कारण पेरॉक्साइडला अल्कली लागतं हे सगळ्यांना पाठ असतं.

मग ब्लीच टॉवरवर, जिथे लगदा पेरॉक्साइडबरोबर मुरतो, आणि पुढच्या चेस्टमध्ये, म्हणजे लगद्याच्या टाकीत, फेस उसळायला लागला, पंप हवा पकडायला लागला. शिफ्टवाल्यांनी डीफोमर सोडला. दुसरं औषध.

डीफोमरचा चिकटपणा मशीनच्या वायरवर, म्हणजे लगदा पसरतो त्या जाळीवर, दिसायला लागला आणि कागद तुटायला लागला. आणि रंग काही सुधारेना, तेव्हा तिसरं औषध: नीळ आणि टिनोपॉल. आपल्या आयांनी पांढऱ्या कपड्यांना केलेला उपाय. ट्यूबलाइटखाली तो चालतो. वहीवाल्यानं ताव दुकानाबाहेर उन्हात धरला, तिथे खालचा पिवळा आणि वरचा निळा मिळून एक हिरवट छटा आली. परत आलेल्या दोन गाड्या त्याच होत्या.

पहिल्या दिवशी मी ब्लीच टॉवरकडे गेलोच नाही. आधी ब्राइटनेस मीटर तपासला. २०२४ च्या मे अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश तापमान दाखवलं होतं. देशभर बातमी झाली आणि मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. तेव्हापासून नागपुरात कुणी आकडा सांगितला की मी आधी यंत्राची नाडी बघतो. इथे मीटर ठीक होता. ब्राइटनेस म्हणजे ४५७ नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशातलं परावर्तन. पिवळा कागद निळा प्रकाश गिळतो म्हणून आकडा पडतो. फेब्रुवारीच्या मानानं तो सहा-सात अंकांनी खरोखरच पडला होता.

पेरॉक्साइडचा ड्रम तपासला. ताकद बरोबर. पुरवठादाराला शिव्या देण्याची सोय गेली.

मग टॉवरमधून बाहेर पडणारा लगदा पिळून त्याचं पाणी घेतलं. लॅबमधल्या केमिस्ट ताई हुशार, पण हे टायट्रेशन कोणी त्यांच्याकडून रोज करून घेत नव्हतं. आम्ल घालायचं, पोटॅशियम आयोडाइड, मॉलिब्डेटचे दोन थेंब. पेरॉक्साइड उरलं असेल तर आयोडीन सुटतं आणि पाणी चहासारखं होतं. मग थायोसल्फेटनं ते उतरवायचं, शेवटी स्टार्च. दशांश नॉर्मल थायोसल्फेटचा एक मिली म्हणजे १.७ मिलिग्रॅम पेरॉक्साइड.

पाणी चहासारखं झालंच नाही. फ्लास्क जसा होता तसाच राहिला, नितळ. ताईंनी पुन्हा केलं. पुन्हा तेच.

टनामागे २० किलो आत जातंय आणि बाहेर थेंबही नाही. याचा एक अर्थ असा की लगद्यानं सगळं वापरलं. तसं असतं तर कागद पांढरा झाला असता. दुसरी खूण ताईंच्याच रजिस्टरात होती: टॉवरमध्ये जाताना आणि बाहेर पडताना पीएच जवळजवळ तेवढाच. पेरॉक्साइड खरं काम करतं तेव्हा आम्लगट तयार होतात आणि पीएच खाली उतरतो. इथे तो उतरत नव्हता. म्हणजे पेरॉक्साइड धाग्याला शिवतच नव्हतं. वाटेत दुसरंच कोणीतरी ते खात होतं.

मामांना विचारलं. मामा म्हणजे फोरमन, गिरणी सुरू झाली तेव्हापासूनचे. सगळे त्यांना मामाच म्हणतात, मालकसुद्धा. "फेस कधीपासून येऊन राहिला, मामा?"

"होळी झाली का सुरू होते जी. पावसात बंद होते. मले तं सोपचाच फेस वाटे."

शाई उतरवायला साबण घालतात, तेव्हा फेसाचा संशय साबणावर जाणं साहजिक होतं. पण साबण बाराही महिने तेवढाच असतो.

कॅन्टीनमधून चार स्टीलचे ग्लास मागवले. एकात नळाचं पाणी. दुसऱ्यात बॅक वॉटर, म्हणजे मशीनवरून आणि लगदा घट्ट करणाऱ्या थिकनरमधून निघालेलं, परत लगदा पातळ करायला फिरवलं जाणारं पाणी. तिसऱ्यात तेच बॅक वॉटर, पण कॅन्टीनच्याच गॅसवर खळखळ उकळून थंड केलेलं. चौथ्यात न उकळलेलं बॅक वॉटर आणि त्यात धातूंना बांधून ठेवणारं चिमूटभर ईडीटीए. चारही ग्लासांत सारखंच पातळ केलेलं पेरॉक्साइड घातलं. (५० टक्क्यांचं नुसत्या हातानं हाताळू नका. बोट पांढरं पडतं आणि तासभर जळत राहतं. आम्ही आधी लॅबमध्ये पातळ करून आणलं होतं.)

नळाचं पाणी गप्प.

बॅक वॉटरमध्ये पाच-सहा सेकंद काही नाही. मग कडेनं बारीक बुडबुडे, मग पांढरा फेस वर चढायला लागला आणि मिनिटाच्या आत चहा उतू जावा तसा ग्लासाबाहेर आला. स्टीलला हात लावला तर कोमट लागला.

उकळलेल्या ग्लासात कडेला चार बुडबुडे चिकटून राहिले, बाकी काही नाही. ईडीटीएचा ग्लास बॅक वॉटरसारखाच उतू गेला.

मामा वाकून बघत होते. म्हणाले, "हे तं जखमेवर टाकलं का जसा फेस येते तसंच हाय."

मामांनी निदान करून टाकलं होतं. जखमेवर पेरॉक्साइड फसफसतं ते रक्तातल्या आणि पेशींतल्या कॅटालेज नावाच्या विकरामुळे, म्हणजे एन्झाइममुळे. बहुतेक प्राणी, वनस्पती आणि हवेत जगणारे जिवाणू ते बाळगून असतात, कारण त्यांच्या स्वतःच्या श्वसनात थोडं पेरॉक्साइड तयार होतं आणि ते त्यांना विष असतं. ज्ञात विकरांमधलं हे अतिशय वेगवान. एक रेणू सेकंदाला पेरॉक्साइडचे लाखो रेणू मोडतो. पाणी आणि ऑक्सिजन. पेरॉक्साइड संपतं, फक्त काम न करता.

चार ग्लास का, तर पेरॉक्साइडचे चोर दोन प्रकारचे असतात. एक धातू: मँगनीज, लोह, तांबं. ते रद्दीतून, पाण्यातून, गंजलेल्या पाइपांतून येतात, आणि त्यांच्यासाठीच सिलिकेट व ईडीटीएसारखी धरून ठेवणारी रसायनं घालतात. हा चोर उकळून मरत नाही, पण ईडीटीएनं बराचसा बांधला जातो. दुसरा चोर जिवंतांच्या घरचा. तो ईडीटीएला भीक घालत नाही, पण उकळलं की संपतो. आमच्या ग्लासांत ईडीटीएनं फरक पडला नाही आणि उकळण्यानं पडला. आजवर मला कुठल्याही महागड्या यंत्रानं इतकं स्पष्ट उत्तर दिलेलं नाही.

मग घरच्या औषधांचा उलगडा झाला. पेरॉक्साइड दुप्पट केलं की चोराला दुप्पट मिळालं. १ किलो पेरॉक्साइड मोडलं की साधारण ४७० ग्रॅम ऑक्सिजन सुटतो. २० किलोचे साडेनऊ किलो, आणि उन्हाळ्यातल्या तापमानाला त्याची जागा सात घनमीटरांहून जास्त. टनामागे एवढा वायू लगद्यातून वाट काढतोय म्हटल्यावर फेस येणार नाही तर काय? पंपानं हवा पकडली ती हीच. आणि वाढवलेलं कॉस्टिक? पेरॉक्साइड मेल्यावर नुसतं कॉस्टिक उरलं की वर्तमानपत्राचा धागा अल्कलीनं पिवळा पडतो. म्हणजे डोस जितका वाढला तितका कागद पिवळा होत गेला. मालकांना हे सांगताना मी जरा हळू सांगितलं.

आता माझी चूक. जिवाणू आहेत ना, मारा त्यांना, असं मी म्हणालो. बॅक वॉटरच्या चेस्टमध्ये ग्लुटाराल्डिहाइडचा एक जबर डोस सोडला. डोळे चुरचुरले, शिफ्टमधली पोरं तोंडाला रुमाल बांधून फिरली. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्लास पुन्हा उतू गेला, वाटलं की थोडा जास्तच. जिवाणू मेला तरी त्याच्यातलं विकर मरतंच असं नाही. ते पाण्यात तसंच फिरत राहतं आणि त्याला खायला-प्यायला काही लागत नाही. मेलेल्या पेशी फुटल्या तर ते आणखी मोकळं होतं. एवढी साधी गोष्ट मला आदल्या दिवशी सुचायला हवी होती. एलआयटीत, म्हणजे नागपूरच्या तंत्रज्ञानाच्या कॉलेजात, शिकवणाऱ्या माझ्या सरांनी त्या दिवशी मला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

जिवाणू मारण्याचा उपयोग नाही असं नाही. पण तो महिन्याभराचा उपाय आहे: चेस्टच्या भिंतींवरचा चिकटा खरवडून, गरम कॉस्टिकनं धुऊन घर साफ करायचं आणि मग ते साफ ठेवायचं. आजचा कागद आज पांढरा हवा असेल तर विकरालाच मारावं लागतं, आणि त्याला मारायला सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे उष्णता. सत्तरच्या पुढे त्याचं फार काळ चालत नाही.

इथे प्रकरण पुन्हा गुंतलं, कारण या गिरणीत उष्णता होती. थिकनरनंतर लगदा दाबून ३० टक्क्यांवर आणतात आणि तो डिस्पर्सरमध्ये जातो. शाईचे उरलेसुरले ठिपके रगडून डोळ्यांना दिसेनासे करणारं ते यंत्र, वाफेवर गरम ठेवलेलं, ९० अंशांच्या घरात. त्यातून जाताना कॅटालेज टिकायलाच नको.

डिस्पर्सरपाशी गेलो आणि मामांना म्हटलं, झाकण उघडा. उघडलं. हात आत जाईल इतकंच गरम.

"वाफ किती सोडून राहिले?"

मामांनी मालकांच्या केबिनकडे पाहिलं. "उन्हाळ्यात कमी करतो ना जी. लगदा तसाच गरम येते. बाहेर पंचेचाळीस हाय, काहून कोळसा जाळा?"

ही खरी गोम. लगदा मार्चपासूनच ४८-५० अंशांवर येतो, कारण पाणी उन्हात तापतं, मशीनची ऊब त्यात उतरते आणि उन्हाळ्यात पाणीटंचाईमुळे तेच ते पाणी पुन्हा पुन्हा फिरवलं जातं. ताज्या पाण्याला मुरड घातली की रद्दीतला स्टार्च आणि विरघळलेला बाकी माल साठत जातो. जिवाणूंना याहून चांगलं जेवण नाही. आणि पन्नासच्या आसपासचं तापमान म्हणजे त्यांना कूलरसमोर खाट टाकून दिल्यासारखं. नागपूरकराला पन्नास म्हणजे परमावधी वाटते. ब्लीचिंगला ते ना धड गार, ना धड गरम. ऊन पाहून वाफ कमी केली आणि गिरणीतली जी एकमेव जागा या चोराला मारत होती तीच थंड झाली. वर पेरॉक्साइडची नळी दोन वर्षांपूर्वी गळती लागल्यावर जवळ पडते म्हणून डिस्पर्सरच्या अलीकडच्या, लगदा ढकलणाऱ्या स्क्रूवर हलवलेली. म्हणजे पेरॉक्साइड आधी चोराच्या हाती आणि वाफ नंतर, तीही अर्धी.

त्याच संध्याकाळी वाफ पूर्ण सोडली आणि नळी तात्पुरती डिस्पर्सरच्या पुढे घेतली. रात्रभर टायट्रेशन. सकाळी ब्राइटनेस तीन अंकांनी वर. मालक खूश. मी नव्हतो, कारण टॉवरच्या तोंडाशी अजूनही उरलेलं पेरॉक्साइड जवळपास शून्य होतं.

अर्ध्या सुटलेल्या गणिताला दुपारी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. ३० टक्क्यांच्या लगद्यात टनभर धाग्याबरोबर साधारण २.३३ टन पाणी असतं. हा लगदा पंपानं टॉवरवर चढत नाही, म्हणून तो १० टक्क्यांवर पातळ करतात. तिथे टनभर धाग्याबरोबर ९ टन पाणी. म्हणजे पावणेसात टनांच्या आसपास पाणी डिस्पर्सरच्या नंतर आत येतं. कुठलं पाणी? बॅक वॉटर. न तापवलेलं, जिवंत. डिस्पर्सरनं घर झाडून घेतलं आणि दाराशी पुन्हा ट्रकभर कचरा ओतला, असा प्रकार. शिवाय १० किलो पेरॉक्साइड ३० टक्क्यांच्या लगद्यात लिटरला ४.३ ग्रॅम असतं, ते पातळ केल्यावर १.१ ग्रॅम उरतं. पेरॉक्साइड पातळ, चोर दाट.

ग्लासाची परीक्षा पुन्हा केली, आता डिस्पर्सरखालच्या लगद्याच्या पिळलेल्या पाण्यावर. गप्प. पातळ केल्यानंतरच्या पाण्यावर. उतू. ताईंनी पॉलिथिनच्या दोन पिशव्या भरल्या: एकात डिस्पर्सरचा लगदा बॅक वॉटरनं पातळ केलेला, दुसऱ्यात तोच लगदा उकळून निववलेल्या बॅक वॉटरनं. सारखं पेरॉक्साइड, सारखं कॉस्टिक, हातानं मळून दोन्ही गरम पाण्याच्या टबात तासभर. पहिली पिशवी दहा मिनिटांत फुगली, गाठ सोडून हवा काढावी लागली. तासाभरानं दोन्हींचे ताव लॅबमध्ये दाबून सुकवले. मालकांना बोलावून ते नुसते टेबलावर ठेवले. मीटर लावायची गरज पडली नाही.

मालकांचा पहिला प्रश्न मला अपेक्षित होता. "सर, मग हायपोच का नको परत? जंतूही मरतील, रंगही जाईल." प्रश्न वेडा नव्हता. पण हायपो आणि पेरॉक्साइड एकमेकांना भेटले की एकमेकांनाच खातात, हाती पुन्हा ऑक्सिजन. पाणी इतकं बंद फिरवलेलं असताना क्लोराइड साठत जाणार आणि स्टीलला खड्डे पाडणार. वर्तमानपत्राचा धागा पिवळाच राहणार. आणि ज्या शहरात १९५८ पासून नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था उभी आहे त्या शहराच्या अंगणात क्लोरोफॉर्म सोडणाऱ्या सल्ल्यावर मला माझं नाव नको होतं. हे शेवटचं मी त्यांना हसत सांगितलं, पण सांगितलं.

केलं ते असं. पेरॉक्साइडची नळी कायमची डिस्पर्सरच्या पुढे, तापलेल्या लगद्यावर. डिस्पर्सरची वाफ बारा महिने पूर्ण, वॉल्व्हला साखळी आणि कुलूप, किल्ली मामांकडे. टॉवरआधी पातळ करायचं पाणी आता थेट चेस्टमधून येत नाही. कॉस्टिक कालवायची एक जुनी टाकी पडून होती, तिच्यात वाफ सोडून ते पाणी ७० च्या पुढे नेतात आणि काही मिनिटं थांबवतात. सिलिकेट थोडं राहिलं, डीफोमर बंद, नीळ-टिनोपॉल पूर्वीच्या मापावर. कॉस्टिक उतरवलं. हे सगळ्यात कठीण गेलं. रात्रपाळीला कॉस्टिकचा हात सैल असतो.

वाफेचा खर्च आहे, तो लपवत नाही. पावणेसात टन पाणी ५० वरून ७० वर न्यायला टनामागे साधारण पाव टन वाफ लागते. मालकांनी आपल्या कोळशाच्या आणि पेरॉक्साइडच्या बिलांवर स्वतः कॅल्क्युलेटर चालवला. पाऊण तास. टॉवरला तशीही ७० च्या आसपासची ऊब हवीच असते, त्यामुळे ही उष्णता फुकट जात नाही, हे मी मध्ये एकदा म्हणालो. ते म्हणाले, "सर, मला बेरीज करू द्या." बेरीज करून त्यांनी टाकीला पाइप जोडायला वेल्डर बोलावला. पेरॉक्साइड आठवडाभरात टनामागे २० वरून १२ वर आलं, पुढे दहाच्या आत. टॉवरबाहेर थोडं उरायला लागलं, आणि ते उरलेलं बॅक वॉटरमध्ये जाऊन तिथल्या जिवाणूंना जरा वचकात ठेवतं. हे चक्र उलट फिरायला लागलं की सोपं होत जातं. जून उजाडायच्या आत ब्राइटनेस फेब्रुवारीच्या आकड्यावर.

सांडपाण्यावर काय झालं? एओएक्सचा प्रश्न आधीही नव्हता. सीओडी, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप, मात्र फारसा उतरला नाही, कारण स्टार्च रद्दीतून येतोच आणि पाणी अजूनही तेवढंच बंद फिरतं. कॉस्टिक कमी झाल्यानं ईटीपीला, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्राला, पीएच सांभाळायला कमी आम्ल लागतं, एवढा फायदा नक्की. बॅक वॉटरसाठी स्वच्छ करणारं यंत्र घ्यायचं मालकांच्या डोक्यात आहे. अजून डोक्यातच आहे.

एक गोष्ट सुटली नाही. रंगीत रद्दी, म्हणजे गुलाबी-पिवळी बिलं, गुळगुळीत पत्रकं, जास्त आली की पेरॉक्साइडला ते रंग जात नाहीत. त्याला हायड्रोसल्फाइटसारखं क्षपण करणारं रसायन लागतं आणि ते पेरॉक्साइडच्या नंतर, वेगळ्या टप्प्यात. तो टप्पा या गिरणीत नाही. मामा रद्दीच्या गाडीवर चढून गुलाबी गठ्ठे बाजूला काढायला लावतात. चालतंय.

पुढच्या मेमध्ये गेलो तेव्हा ताईंनी रजिस्टर दाखवलं. ब्राइटनेस, पीएच, उरलेलं पेरॉक्साइड यांच्या पुढे हातानं आखलेला एक नवा रकाना: "ग्लास". अक्षर मामांचं. रोज सकाळी टाकीतल्या तापवलेल्या पाण्याचा एक ग्लास, त्यात पेरॉक्साइड, आणि एक शब्द. पानभर "गप्प", "गप्प", "गप्प". मध्येच एका सोमवारी "उतला", पुढे कंसात "रविवारी बॉयलर बंद". खालच्या ओळीत त्याच दिवशी दुपारी पुन्हा "गप्प". ग्लास कॅन्टीनचाच होता. त्यावर लाल ऑइल पेंटनं फुली मारली होती, कोणी चुकून चहा पिऊ नये म्हणून.